मातीचं विचारा : पोयट्याच्या खाली बघा

प्रश्न : ताई, नमस्कार. आमचा मुलगा नोकरीसाठी अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात असतो. गेल्या उन्हाळ्यात आम्ही दोघं तिकडे राहून आलो. त्याच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याने मूठभर माती माझ्या हातावर ठेवली. मैद्यासारखी मऊ. ‘ही ॲण्टिगो सिल्ट लोम, आमच्या राज्याची माती,’ असं तो अभिमानाने म्हणाला. राज्याचा पक्षी, राज्याचं फूल ऐकलं होतं. राज्याची माती ही काय भानगड? आणि ती एवढी चांगली का? विचारण्याचं खरं कारण असं, की टिटवाळ्याच्या पुढे काळू नदीजवळ आमची वडिलोपार्जित २२ गुंठे जमीन पडून आहे. तिथली वरची माती हाताला अगदी तशीच लागते. त्या शेतकऱ्यासारखा बटाटा आणि मका करावा असं मनात आहे. जमेल का?
– एक निवृत्त वाचक, कोपरखैरणे

उत्तर : काका, बटाटा नको. बाकीचं सावकाश सांगते.

तुमच्या हातावर ठेवला तो पोयटा, इंग्रजीत सिल्ट. आपल्याकडे नदीकाठच्या मऊ मातीला पोयटा म्हणतात आणि मी जिथे नोकरी केली त्या माती तपासणीच्या प्रयोगशाळेतही आम्ही तोच शब्द वापरायचो, पण तिथे त्याला माप असतं. अमेरिकेच्या मोजणीत ०.००२ ते ०.०५ मिलिमीटर जाडीचा कण म्हणजे पोयटा. त्याहून बारीक ती चिकणमाती, त्याहून जाड ती वाळू. आमच्याकडे आंतरराष्ट्रीय पद्धत होती, तिच्यात पोयट्याची वरची हद्द ०.०२ वरच संपते. म्हणजे तिकडचा थोडा पोयटा इकडच्या अहवालात बारीक वाळू म्हणून निघतो. उद्या मुलाने तिकडचा अहवाल पाठवला आणि तुम्ही तो इथल्या अहवालाशेजारी ठेवलात, तर हे लक्षात असू द्या. मी यावरून एका साहेबांशी पंधरा मिनिटं वाद घातलेला आहे आणि चूक माझी होती.

हाताला ओळखायला मापं लागत नाहीत. ओली माती दोन बोटांत चोळा. वाळू करकरते. चिकणमाती बोटाला धरून बसते, तिची लांब पट्टी निघते. पोयटा साबणाच्या चोथ्यासारखा निसटतो; पट्टी काढायला गेलं की बोटभर व्हायच्या आधीच तुटते. सुकल्यावर हातावर टाल्कम पावडरसारखा राहतो, फुंकर मारली की जातो. आमच्या नोकरीतली अर्धी वर्षं हेच मोजण्यात गेली. ५० ग्रॅम माती एक लिटरच्या उंच नळीत पाण्याबरोबर घुसळायची, खाली ठेवायची आणि घड्याळ लावायचं. ४० सेकंदांत वाळू तळाला बसते, तेव्हा तरंगमापीची, म्हणजे पाण्याच्या दाटपणाप्रमाणे वर-खाली तरंगणाऱ्या काचेच्या नळीची, पहिली नोंद. दोन तासांनी पोयटाही बसलेला असतो, वर गढूळ राहते ती चिकणमाती, दुसरी नोंद. मधल्या दोन तासांत आमचं जेवण आणि साहेबांच्या मुलीच्या लग्नाची चर्चा व्हायची.

आता तुमची राज्याची माती. विस्कॉन्सिनमध्ये फ्रान्सिस होल नावाचे मृदाशास्त्राचे प्राध्यापक होते, मॅडिसनच्या विद्यापीठात. मातीच्या माणसाचं आडनाव होल, म्हणजे खड्डा! हे गृहस्थ व्हायोलिन वाजवत, हातात बाहुल्या घेऊन लोकांना मातीची गाणी ऐकवत. त्यांनी पाठपुरावा केला आणि १९८३ साली ॲण्टिगो ही त्या राज्याची अधिकृत माती ठरली. ॲण्टिगो हे तिथल्या गावाचं नाव, आणि ती माती राज्याच्या उत्तर भागात ३ लाख एकरांहून जास्त जागेवर आहे. मला हे सगळं फार आवडतं. आपल्याकडे मातीची शपथ घेतात, कपाळाला लावतात. तिचं नाव, तिचा पोत कुणी विचारत नाही.

ती माती चांगली का, याचं उत्तर मात्र तुमच्या मुठीत नव्हतं. ते तुमच्या पायाखाली दीड हातावर होतं.

तिकडे हिमयुगात बर्फ वितळला, तेव्हा त्या पाण्याने वाळू आणि गोट्यांचे थर पसरून ठेवले. नंतर वाऱ्याने बारीक पोयटा उडवून आणला आणि त्या वाळूवर अंथरला. वाऱ्याने आणलेल्या अशा मातीला लोएस म्हणतात. तो थर साधारण ५० सेंटिमीटर ते एक मीटर जाडीचा आहे. त्यावर हजारो वर्षं मेपलसारख्या पानझडी झाडांचं रान होतं. मग शेती आली. मका, गवत, बारीक धान्य, म्हणजे एका अर्थी गाईंचंच खाणं, कारण ते दुधाचं राज्य. आणि ॲण्टिगो गावाच्या आसपास बटाटा, त्यातही बियाण्याचा.

पोयट्याचा गुण असा, की झाडाला घेता येईल असं पाणी तो सगळ्यांत जास्त साठवतो. मीटरभर खोल पोयटेदार मातीत अंदाजे २०० मिलिमीटर पावसाएवढं पाणी झाडाच्या कामाचं असतं. वाळूत त्याच्या निम्म्याहूनही कमी. चिकणमातीत पाणी भरपूर असतं, पण ती कंजूस. बरंचसं स्वतःच धरून ठेवते. एवढं पाणी धरणारी माती चिखल होऊन बसायला हवी, पण ॲण्टिगो बसत नाही, कारण जास्तीचं पाणी खाली वाळू-गोट्यांत उतरून जातं. मुळांना पाणीही मिळतं आणि हवाही. आपल्या भाषेत सांगायचं तर वाफसा लवकर येतो. हा वाफसा शब्द इंग्रजीत एका शब्दात सांगताच येत नाही, मी प्रयत्न केलाय. पाऊस उघडल्यावर माती चिखलही नाही आणि ढेकूळही नाही, औत घालावं अशी होते, तो दिवस. चांगल्या निचऱ्याच्या पोयट्यात तो एक-दोन दिवसांत येतो. काळ्या चिकण जमिनीत शेतकरी आठवडा-आठवडा आभाळाकडे बघत बसतो.

इथे एक गंमत आहे, जी मलाही नोकरी लागल्यावर पाचेक वर्षांनी नीट कळली. बारीक मातीखाली जाड वाळू असली की पाणी लगेच खाली पळत नाही. उलट त्या सांध्यावर अडतं. बारीक कणांच्या फटी पाण्याला ओढून धरतात, खालच्या मोठ्या फटींना तेवढी ओढ नसते. वरचा थर तळाशी अगदी तुडुंब भरला, की मगच पाणी खाली पडायला लागतं. म्हणजे ती वाळू निचऱ्याची मोरी आहे आणि बंधाराही. वरचा थर हातभर, दोन हात जाड असल्यामुळे हा बंधारा पिकाच्या फायद्याचा ठरतो: तळाला ओलावा टिकतो, वर हवा खेळती राहते. ही गोष्ट डोक्यात ठेवा, नेरूळच्या बाईंच्या पत्रात ती परत येणार आहे.

अवगुणही सांगते, नाहीतर तुम्ही टिटवाळ्याला जाऊन मातीला नमस्कार कराल. पोयट्याच्या कणांना एकमेकांशी जुळायची हौस नाही. जोराचा पाऊस पडला की वरचे कण सुटे होतात आणि ऊन पडलं की पापडासारखी खपली धरते. खालचा कोंब तिला फोडू शकत नाही. उतार असेल तर सगळ्यांत आधी वाहून जातो तोच, कारण वाळूएवढा जड नाही आणि चिकणमातीएवढा चिकट नाही. ओला असताना ट्रॅक्टर फिरवला तर असा दाबला जातो की पुढची दोन वर्षं चाकोरी पिकात दिसते. तिकडे थंडीत जमीन गोठते तेव्हा पोयटा ओलावा वर ओढून बर्फाने फुगतो आणि गवताची मुळं उपसतो. ती कटकट आपल्याला नाही. पण एक आहे. जिथून पाणी लवकर उतरतं तिथून युरियाही लवकर उतरतो, आणि विहिरीत जातो. खत एकदम टाकू नका, तीन-चार वेळा थोडं थोडं द्या.

तर काळूकाठची जमीन. तिथला पोयटा वाऱ्याने नाही, पुराने आणलाय. नदी एका वर्षी वाळू टाकते, एका वर्षी चिकण गाळ, म्हणून दहा पावलांवर खालचा थर बदलू शकतो. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर त्या पट्ट्यातल्या काही शेतांवर मी स्वतः गेले होते. एकाच्या बांधावर वीतभर स्वच्छ रेती, शेजाऱ्याकडे घोटाभर चिकट गाळ. दोघंही ‘नदीने आणली माती’ म्हणत होते. वरून सगळं मऊच लागतं.

म्हणून पेरणीचा विचार सोडा आणि दिवाळीनंतर, ओल असतानाच, तीन ठिकाणी कंबरेइतके खड्डे घ्या. खड्ड्याची भिंत सुरीने खरवडून रंग बघा. खालपर्यंत सारखा तपकिरी, तांबूस रंग असेल तर निचरा चांगला आहे, मुळांना हवा मिळते. दोन फुटांच्या आत राखाडी रंग आणि त्यात गंजासारखे नारिंगी ठिपके दिसले, तर पावसाळ्यात तिथे पाणी ठाण मांडून बसतं, वरची माती कितीही मैदा असू दे. मग शेजारी फूटभर खोल खड्डा घेऊन पाण्याने भरा, जिरू द्या, पुन्हा भरा आणि दुसऱ्या वेळी तासाला पाणी किती उतरतं ते पट्टीने मोजा. अडीच ते साडेसात सेंटिमीटरच्या आसपास उतरलं तर उत्तम. अडीचपेक्षा कमी असेल तर भात लावा आणि समाधान माना. भाताला आपण चिखलणी करून मुद्दाम निचरा मोडतोच की.

निचरा चांगला निघाला तर पावसाळ्यात ती जमीन उघडी ठेवू नका. विस्कॉन्सिनला वर्षाला ८०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, बर्फ धरून. आपल्या ठाणे जिल्ह्यात त्याच्या तिप्पट, आणि तो चार महिन्यांत. उघडा पोयटा या पावसात खाडीला जाऊन मिळेल. चवळी किंवा ताग तरी पेरून ठेवा. पावसानंतर भेंडी, काकडी, कलिंगड, वाल, खाण्यापुरता मका. कंद हवाच असेल तर कोनफळ लावा, रताळी लावा. ती अशा भुसभुशीत जमिनीत सरळ वाढतात आणि काढताना कुदळीने कापली जात नाहीत. बटाट्याला गड्डा भरायला गार रात्री लागतात आणि टिटवाळ्याला त्या मोजून काही आठवडे. मंचरचा बटाटा वाशीच्या बाजारात येतो, तो घ्या.

रोटाव्हेटरवाला ‘काका, एकदा फिरवतो, पीठ करून देतो’ म्हणेल. नको म्हणा. पोयट्याचं आधीच पीठ आहे. त्याला शेणखत हवं, कणांना धरून ठेवायला.

प्रश्न : माझ्या गच्चीत २५ कुंड्या आहेत. व्हिडिओत सांगतात तसा प्रत्येक कुंडीच्या तळाला तीन बोटं खडीचा थर देते, वर छान गाळलेली मऊ माती. तरी पावसाळ्यात जास्वंद पिवळी पडते, हळद कुजते. निचऱ्यासाठी खडी वाढवू का?
– एक गृहिणी, नेरूळ

उत्तर : खडी काढून टाका.

वर काकांना सांगितलं तेच तुमच्या कुंडीत घडतंय. बारीक मातीखाली जाड खडी आली की पाणी सांध्यावर अडतं. विस्कॉन्सिनच्या शेतात वर अर्धा ते एक मीटर माती आहे, त्यात तळाची ओली पट्टी खपून जाते. तुमच्या कुंडीत माती वीतभर. त्यातली अर्धी कायम ओलीचिंब, आणि खडी घातल्याने ती ओली पट्टी कमी न होता तीन बोटं वर सरकली, थेट मुळांत.

खोटं वाटत असेल तर भांडी घासायचा चौकोनी स्पंज घ्या. पाण्यात बुडवून आडवा धरा. थेंब गळायचे थांबेपर्यंत थांबा. मग तोच स्पंज उभा करा. पुन्हा पाणी गळायला लागेल. स्पंज तोच, पाणी तेच, फक्त उंची वाढली. कुंडीचंही असंच, पसरट कुंडीपेक्षा उंच कुंडी बरी.

मी हे शहाणपण विकत घेतलंय. कळव्याला नवीन घर घेतलं तेव्हा उत्साहाने दोन गोणी नदीकाठचा पोयटा आणून सगळ्या कुंड्या भरल्या, तळाला विटांचे तुकडे. माती तपासणारी बाई, कुणाला विचारणार! पहिल्या पावसानंतर वर खपली, खाली चिखल. मेथी उगवली नाही, मोगरा गेला. शेतातली सर्वोत्तम माती कुंडीत वाईट ठरते, कारण शेतात तिच्याखाली जमीन असते.

भोकावर एक खापरी पालथी ठेवा, माती वाहून जाऊ नये एवढ्यापुरती. आणि माती गाळू नका. चाळणीवर राहतं ते खडबडीतच कुंडीला हवं असतं. एक वाटा माती, एक वाटा कंपोस्ट, एक वाटा कोकोपीट किंवा धुतलेली जाड वाळू. हळदीला वाळू थोडी जास्त.

प्रश्न : आमच्या लहानपणी खारेगावात खाजणात, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीत, भात व्हायचा. खाडीचा गाळही हाताला मऊ, निसटता, पोयट्यासारखाच लागतो. मग तो बागेत का चालत नाही? वाशीच्या खाडीवरून फुकट मिळू शकतो.
– एक वाचक, कळवा

उत्तर : कणांचं माप बघितलं तर तुम्ही फार चुकत नाही, त्या गाळात पोयटा आणि चिकणमाती दोन्ही असतात. पण त्याचा रंग आठवा. निळसर राखाडी, आणि उकरला की सडक्या अंड्याचा वास. त्या मातीने कधी हवा पाहिलेलीच नसते. शिवाय खाऱ्या पाण्यातलं सोडियम. मीठ धुऊन गेलं तरी सोडियम कणांना चिकटून राहतं, कण एकमेकांपासून सुटे होतात, फटी बुजतात आणि पाणी खाली उतरायचं बंद होतं. निचरा नसलेला पोयटा कसा असतो हे बघायचं तर खाडीवर जावं.

आमचेही खारेगावचेच. वडील खाजणात भात करायचे तेव्हा सगळं गणित बांधावर आणि उघाडीवर, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारावर, होतं: भरतीला उघाडी बंद, ओहोटीला उघडायची, आणि जूनच्या पावसाने मीठ धुऊन निघेपर्यंत बी टाकायचं नाही. धुऊन झालं का हे ते जिभेने ठरवायचे. बोटभर माती चाखायची आणि थुंकायची. पुढे मी प्रयोगशाळेत क्षारांचं मशीन चालवायला लागले तेव्हा एकदा त्यांच्या शेताची माती गुपचूप मोजली. जीभ बरोबर निघाली, हे त्यांना मी सांगितलं नाही; आधीच घरात त्यांचंच चालायचं. अशा जमिनीसाठी पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने ‘पनवेल १’, ‘पनवेल २’, ‘पनवेल ३’ या भाताच्या जाती काढल्या आहेत. भाताला उभं पाणी चालतं, म्हणून तो तिथे निभावतो. तुमचा गुलाब निभावणार नाही.

आणि खाडीचा गाळ फुकट नसतो. तिथे तिवरं आहेत, त्यांना कायद्याचं संरक्षण आहे. उचलू नका.

प्रश्न : आमच्या गावच्या तलावातला गाळ काढून शेतात टाकायचा म्हणतात. सरकारची ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनाही आहे. आमची जमीन मुरबाडला डोंगरउतारावर, वरकस. गाळ म्हणजे पोयटाच ना?
– एक वाचक, ठाणे (पूर्व)

उत्तर : दरवेळी नाही. तलावात पाणी संथ असतं, त्यामुळे पोयटा पाणी आत शिरतं त्या तोंडाशीच बसतो आणि मध्यभागी, भिंतीजवळ बसतो तो चिकण गाळ. डंपरवाल्याला विचारा कुठला भरला. तुमची वरकस जमीन मुरमाड असेल तर चिकण गाळही तिला उपकारच आहे, पाणी धरेल. पण एक-दोन इंचांहून जाड थर देऊ नका आणि नुसता पसरून ठेवू नका, नांगरून मुरमात मिसळा. नाहीतर बारीक वर, जाड खाली, नेरूळच्या कुंडीसारखं होईल. उतारावर टाकण्याआधी बांध घाला. पहिल्या पावसात गाळ परत तलावात गेलेला मी पाहिलाय, आणि त्याच डंपरने तो पुन्हा वर आणलेलाही.

काचेच्या बरणीत तिसरा हिस्सा गाळ, वर पाणी, चमचाभर भांडी घासायची पावडर. खूप हलवा आणि खिडकीत ठेवा. मिनिटभरात जे बसेल ती वाळू, तिथे पेनाने खूण करा. संध्याकाळपर्यंत त्यावर बसेल तो पोयटा. दुसऱ्या दिवशीही पाणी गढूळ असेल तर चिकणमाती भरपूर आहे, मग डंपर दोनऐवजी एकच मागवा.